पंगतीत तुमचं पान कुठे आहे?

जळगावच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून त्यातला मजकूर थोडक्यात देते.

ताई एका बँकेत 11 वर्षं क्लार्क होत्या. यंदा ऑफिसर झाल्या, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात रुजू व्हायचं आहे. शाखेतले लोक म्हणतात, "हॉटेलात नको, घरी बोलवा." घर दोन खोल्यांचं, वर गच्ची. घरी नवरा, दोन मुलं आणि 68 वर्षांच्या सासूबाई. शाखेत ताई धरून 12 जण. मॅनेजर साहेब बिहारचे, सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेले. एक सहकारी जैन आहेत, तिघं भुसावळहून अप-डाऊन करतात, आणि दोघांचा "मटण झालंच पाहिजे" असा आग्रह आहे. ताईंनी 11 पदार्थांची यादी केली आहे: पनीरच्या दोन भाज्या, दालफ्राय, जीरा राईस, गुलाबजाम वगैरे. हे सगळं हॉटेलातून मागवायचं, माणशी 350 रुपये. सासूबाईंचं म्हणणं वेगळं: "आपल्या घरी माणसं येतीन आन् पनीर खाऊन जातीन का? भरीत करू." ताईंना वाटतं, भरीत हे शेतातल्या पार्टीत ठीक, साहेबांपुढे काय ठेवायचं! शिवाय डायनिंग टेबल नाही, सासूबाई मोठ्यानं आणि आपल्या बोलीत बोलतात, त्याचंही दडपण आहे. शेवटी एक ओळ आहे: "शिपाई मामा आणि गेटवरच्या काकांना साहेबांसोबत अवघड वाटेल, म्हणून त्यांना डबा पाठवायचा विचार आहे. बरोबर ना?"

प्रिय ताई,

आधी मनापासून अभिनंदन. नोकरी, मुलं आणि घर सांभाळून परीक्षेचा अभ्यास करणं काय असतं, हे ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक. तुमच्या घरी जेवायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो अभ्यास काउंटरपलीकडून पाहिलेला असणार. म्हणूनच ते घरी बोलवा म्हणताहेत, असं मला वाटतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन माणसं मोजली. शाखेतले 12, त्यात तुम्ही. पण पुढे लिहिलंय, "11 पानं मांडायची, मी वाढायला असेन." म्हणजे ज्या बाईच्या प्रमोशनचं जेवण आहे, तिचं पानच त्या पंगतीत नाही. ती स्वयंपाकघर आणि गच्ची यांच्यामध्ये पातेली घेऊन जिना चढत-उतरत असणार. सासूबाईंचंही पान नाही. तुम्ही विचारलंत काय करू आणि कुठून मागवू. मला आधी हे विचारायचं आहे की तुम्ही जेवणार कधी? पाहुणे गेल्यावर, गार झालेलं, ओट्यापाशी उभ्यानं? मग 11 वर्षं ज्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला, त्यांच्यासोबतचं हे शेवटचं जेवण तुमच्या वाट्याला येणारच नाही.

पुढचं जे काही सांगते आहे, ते तुम्हाला बसता यावं या एका गोष्टीसाठी आहे. ज्या पदार्थापायी तुम्हाला उठावं लागेल तो यादीतून काढा. 11 पदार्थांतले सहा तरी असेच जातील.

आता पनीर आणि भरीत. हॉटेलातून मागवण्यात काही वाईट नाही. घरात आजारपण असेल, मदतीला कुणी नसेल, तर मी स्वतःच सांगेन की बाहेरून मागवा आणि मोकळ्या मनानं गप्पा मारा. पण तुमच्या पत्रात कारण ते नाही. कारण लाज आहे. घरचं अन्न साहेबांपुढे ठेवण्याजोगं नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. हे कुणी सांगितलं तुम्हाला? निरोप समारंभ असो की ऑडिट संपल्यावरचं जेवण, पनीर तुमच्या शाखेनं किती वेळा खाल्लं असेल, आठवून पाहा. ती चव कुणाच्याही लक्षात राहिलेली नसणार.

आणि साहेब बिहारचे आहेत ना? मग एक गोष्ट सांगते. बिहारमध्ये लिट्टी-चोखा खातात. लिट्टी म्हणजे सत्तूचं, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचं, सारण भरून गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला कणकेचा गोळा. आणि चोखा म्हणजे विस्तवावर भाजून कुस्करलेलं वांगं, बटाटा, टोमॅटो, त्यात लसूण, मिरची आणि मोहरीचं कच्चं तेल. आपलं भरीत आणि रोडगाच की तो, थोड्या फरकानं! गाव सोडून सहा महिने झालेल्या माणसाच्या नाकाला भाजल्या वांग्याचा वास गेला की त्याला परकं वाटेल की घरचं? तुम्ही ज्या पदार्थाला सगळ्यात जास्त घाबरताय, तोच बहुधा त्यांना सगळ्यात ओळखीचा असेल. तरी एकदा विचारून घ्या, "सर, भरता चलेगा?" आपल्याकडचं तिखट त्यांना झेपतं का, तेही त्याच बोलण्यात कळेल.

शिवाय जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, केळीला मिळालं त्याच वर्षी. आपल्या जिल्ह्यातल्या बामणोद गावचं वांगं म्हटलं की पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसंही पिशवी पुढे करतात. ज्या वांग्याचं नाव आपल्या जिल्ह्यावरून पडलं, ते जळगावातल्याच घरी पाहुण्याला वाढायला संकोच कसला? तुमचं पत्र आलं तेव्हा थंडी सुरू झाली होती, म्हणजे हंगामही हाच आहे.

वेळ मात्र बदला. तुम्ही शुक्रवारी रात्री आठ म्हणताय. महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना 2015 पासून सुट्टी असते. त्यातला दुसरा शनिवार धरा आणि दुपारी साडेबाराला जेवण ठेवा. भुसावळवाल्यांना सुट्टीच्या दिवशी यावं लागेल हे खरं, पण रात्री साडेदहाला स्टेशनावर गाडीची वाट पाहत कुडकुडण्यापेक्षा ते बरं. त्यांना आधी विचारा मात्र. जैन सहकारी सूर्यास्तानंतर जेवत नसतील, तर डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो. रात्रीच्या जेवणाला ते येतील, पाणीही न पिता बसतील आणि "चालतं हो" म्हणतील. दुपारी हा प्रश्नच उरत नाही. डिसेंबरातल्या दुपारी गच्चीवरचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, त्यामुळे दोन खोल्यांची चिंताही मिटली. उन्हाळ्यात असा बेत ठरवणाऱ्यांनी मात्र उलट करावं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 44-45 वर जातो, तेव्हा दुपारी कुणालाच बोलावू नये. गच्चीवर पाणी मारून रात्रीच बसावं, आणि शिजलेलं अन्न तासाभराच्या वर उघडं ठेवू नये.

तारीख पक्की करण्याआधी पंचांगही पाहून घ्या. काही घरांत चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण बंद असतं आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच ते सुटतं. तुमचा शनिवार चंपाषष्ठीच्या आधी येत असेल, तर कुणाचं काय बंद आहे ते विचारावं लागेल. शनिवारचा उपवास करणाराही एखादा निघतो. असलाच तर सरळ रविवार धरा.

आता ताटाचं बोलू. माझ्या मते इतकंच पुरे: भरीत, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या, कढी, थोडा भात, एक साधी भाजी, सोबत मुळा, कांद्याची पात आणि ठेचा. गोड एकच, तेही हलवायाकडची जिलेबी.

प्रमाण लिहून देते, कारण अशा वेळी चूक प्रमाणातच होते. शाखेतले 12, मामा आणि काका असे दोन (त्यांचं पुढे बोलते), नवरा, सासूबाई आणि मुलं मिळून घरातले चार. एकूण 18. भरिताला माणशी पाव किलो वांगं धरायचं, म्हणजे साडेचार किलो. पाच घ्या. भाजून सोलल्यावर ते बरंच आटतं. वांगं हिरवट, पांढऱ्या रेघांचं, आकारानं मोठं आणि हातात घेतल्यावर हलकं लागणारं निवडा. जड वांग्यात बिया निघतात. नेहमीच्या भाजीवालीला बुधवारीच सांगून ठेवा, कारण शनिवारी सकाळी चांगली पाच किलो एकदम मिळतीलच असं नाही. कढीला तीन लिटर ताक. तांदूळ एक किलो, कारण पुरी असली की भात कमी जातो. जिलेबी दीड किलो.

जैन सहकाऱ्यांचं वेगळं ताट कोपऱ्यात मांडू नका. पुष्कळ जैन घरांत कांदा-लसणाबरोबर वांगंही खात नाहीत, बिया फार म्हणून. त्यामुळे "भरितात लसूण घालत नाही" एवढ्यानं काम भागणार नाही. म्हणून वर एक साधी भाजी म्हटली. डिसेंबरात बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा असतात. त्यांच्या दाण्यांची भाजी, कांदा-लसूण न घालता, सगळ्यात आधी, स्वच्छ कढईत करून झाकून ठेवा. कढीही जिऱ्या-मिरचीची, लसणाशिवाय. हे दोन्ही सगळ्यांच्याच पानात वाढायचं. ठेच्यात लसूण असतो, तो वेगळ्या वाटीत. असं केलं की त्यांच्यासाठी काही खास केलंय हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही आणि ते पोटभर जेवतील. काय चालतं हे त्यांनाच आधी विचारा, प्रत्येक घरचे नियम निराळे असतात.

ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांच्यासाठी कळण्याच्याच चार-पाच भाकरी टाकून ठेवा. ज्वारी आणि अख्खे काळे उडीद मीठ घालून दळलेलं ते पीठ तुमच्याकडे असेलच. नसेल तर गिरणीवाल्याला आठवडाभर आधी सांगा.

आता हे करणार कोण? इथे मी जरा ठामपणे बोलणार आहे.

सासूबाई म्हणाल्या "भरीत करू", आणि तुम्ही ते हट्ट म्हणून वाचलंत. मला त्यात आनंद दिसला. सून ऑफिसर झाली, तिची बँकेतली माणसं घरी येणार, तर आपल्या हातचं काहीतरी त्यांच्या पानात पडावं, असं त्या माउलीला वाटतंय. पण 68 वर्षांच्या बाईनं 18 माणसांचा स्वयंपाक एकटीनं करावा, असाही त्याचा अर्थ नाही. तेव्हा गृहीत धरू नका, समोर बसून विचारा: "आई, तुम्ही काय काय कराल, आणि काय दुसऱ्याकडे द्यायचं?" फोडणी आणि चव त्यांची. बाकी हात इतरांचे.

हे "इतर" म्हणजे तुमचे यजमान. त्यांना भाजणं-ठेचणं जमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ताई, शेतातल्या भरीत पार्टीत कपाशीच्या काड्या पेटवून वांगी कोण भाजतं? लाकडी बडगीत मिरच्या-लसूण घालून वांगी ठेचायला कोण बसतं? पुरुषच ना! हिवाळ्यात मित्रांच्या पार्टीला शेतात जाऊन जे हौसेनं करतात, तेच या शनिवारी बायकोच्या प्रमोशनसाठी गच्चीवर करायचं. सकाळी आठला चूल पेटवायची, शेजारच्यांना आदल्या दिवशी धुराची कल्पना द्यायची, बादलीभर पाणी जवळ ठेवायचं. वांग्यांना तेलाचा हात लावून सुरीनं दोन-तीन टोचे मारायचे, नाहीतर ती आरावर फुटतात. गच्चीवर चूल चालणार नसेल तर शहरात भरीत सेंटरं आहेत, तिथून बिनफोडणीचं भाजलेलं वांगं मिळतं का ते विचारा. फोडणी घरी, सासूबाईंच्या हातची: भरपूर तेल, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. निम्म्या वांग्यात मिरची कमी घालून वेगळं भरीत करा, साहेबांसाठी आणि मुलांसाठी.

पुऱ्या हे मात्र खरंच उठवणारं काम आहे. गरम पुरीच्या नादात घरातली बाई कधी पंगतीत बसतच नाही. त्यासाठी तीन तासांपुरती एखादी पोळ्या करणारी बाई लावा. तिला ठरलेले पैसे द्या, ती सांगेल ते द्या. हॉटेलचे जवळपास सव्वासहा हजार तुम्ही वाचवताय, त्यातला हा खर्च सगळ्यात सार्थकी लागणारा आहे. आणि तिचंही जेवण धरा.

टेबल नाही याची काळजी सोडा. गच्चीवर सतरंज्या अंथरा, ताटं-वाट्या भांडी भाड्यानं देणाऱ्यांकडून आणा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तीन-चार खुर्च्या आणि पुढे स्टूल ठेवा. पण खुर्ची साहेबांना म्हणून नाही, गुडघ्यांना म्हणून. साहेबांचे गुडघे धड असतील तर ते सतरंजीवर बसतील. पदार्थ पंगतीच्या मध्ये पातेल्यांतच ठेवा, ज्याचं त्यानं घ्यावं, शेजारच्याला वाढावं. एक फेरी तुमची मुलं वाढतील, त्यांना ते आवडतं.

सासूबाईंच्या बोलीचं दडपण वाटतं, असं लिहिलंत. त्यांना पुढे येऊ नका असं सांगायचं मनातही आणू नका. ते त्यांना कळेल, आणि तुम्ही बदलीच्या गावी गेल्यावर याच बाई तुमची मुलं सांभाळणार आहेत. बँकेत रोज अशा किती आयाबाया पासबुक घेऊन येतात, त्यांच्याशी तुम्ही किती मायेनं बोलत असाल. साहेबांना मराठी अर्धी कळते, बोली अजिबात कळणार नाही. पण "घे ना रे बाप्पा, अजून घे" म्हणत कुणी पानात भरीत वाढलं, तर ते कुठल्याही मुलखातल्या माणसाला कळतं.

मटणाचा आग्रह धरणाऱ्या दोघांना आमंत्रण देतानाच सांगून टाका, "या वेळी भरीत आहे, मटण नाही." काळ्या मसाल्याचा रस्सा मलाही आवडतो, पण एकाच गच्चीवर जैन सहकारी, उपवासवाले आणि मटण हे सगळं सांभाळताना तुम्ही पुन्हा उभ्याच राहाल. पिण्याचं काही निघालं तर त्यालाही स्पष्ट नाही म्हणा. घर तुमचं आहे. बायका-पोरांनाही बोलवा असं कुणी सुचवलं तर 18 चे 45 होतील, तेव्हा तेही नम्रपणे नाकारा.

आता शेवटची ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत.

माझे वडील एका कार्यालयात शिपाई होते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. साहेबांच्या घरी असंच जेवण होतं. वडील दुपारपासून तिकडे होते, खुर्च्या लावल्या, पाण्याचे पिंप भरले. रात्री ते घरी आले तेव्हा हातात डबा होता. तीन खणी, वरच्या खणात बालुशाही. आम्ही भावंडांनी तो पाच मिनिटांत संपवला. वडिलांनी हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, "भाकर असली तर दे, चटणीसंगं." आईनं विचारलं, जेवले नाहीत का तिकडे? ते म्हणाले, "जेवलो ना." आणि भाकरी खाल्ली. त्यांनी ते कधी दुखणं म्हणून सांगितलं नाही. मीही पुष्कळ मोठी झाल्यावर त्याचा अर्थ लावला.

तुमच्या मनात वाईट काही नाही, हे मला दिसतं. मामांना अवघड वाटेल, असंच तुम्हाला वाटतं. पण त्यांना विचारलंत का? की हे त्यांच्या वतीनं तुम्हीच ठरवून टाकलं? अवघड कुणाला वाटणार आहे, मामांना की पंगतीतल्या आणखी कुणाला? 11 वर्षं रोज सकाळी तुमच्या आधी येऊन ज्यांनी शाखा उघडली, जे उन्हात गेटवर उभे राहिले, ते शाखेतलेच आहेत. 12 हा तुमचा आकडा मुळातच चुकला आहे, शाखा 14 जणांची आहे. अवघडलेपण वाटलंच तर ते बसायच्या जागेनं कमी करता येतं. मामांना एका टोकाला एकटं बसवू नका. दोन्ही बाजूंना रोज त्यांच्याशी बोलणारी माणसं बसवा, एका बाजूला तुम्ही स्वतः बसलात तर फारच छान. आणि त्या दिवशी त्यांच्याकडून खुर्ची उचलून घ्यायची नाही, पाणी वाटून घ्यायचं नाही. ते सवयीनं उठतील, तेव्हा तुमच्या यजमानांनी त्यांना हाताला धरून बसवायचं.

आमंत्रण ग्रुपवर टाकाल, ते ठीक. पण मामा आणि काका त्या ग्रुपवर बहुधा नसतील. सोमवारी शाखेत गेलात की आधी गेटवर थांबा, मग मामांच्या स्टुलापाशी जा, आणि तुमच्या तोंडानं सांगा: शनिवारी, साडेबारा, जेवायला यायचं.